वेबर म्हंजे काय?

अण्णा, वेबरचा अर्थ सापडला! विणकर! वेबर म्हणजे विणकर, दुसरं तिसरं काही नाही. जर्मन भाषेत जो मागावर बसून कापड विणतो तो वेबर. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि हे उत्तर मला गेल्या बुधवारी मिळालं. तेव्हापासून कुणाचा तरी हात धरून सांगावं असं झालंय, आणि ज्याला सांगायचं तो माणूस जगात एकच होता. फोन लागत असता तर केव्हाच लावला असता. तुम्ही नेहमीसारखे आधी "कोण बोलतंय?" म्हणून ओरडला असतात, जणू बहारीनपर्यंत आवाज तुम्हालाच पोचवायचाय. मग मी सांगितलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, "मी म्हनलो नव्हतो?"

म्हणाला होतात. मी बारावीला होतो. भिंगारच्या आपल्या घरात अभ्यासाची खोली वेगळी असण्याचा प्रश्नच नव्हता. माग होता तीच खोली, तीच स्वयंपाकाची, तीच अभ्यासाची. आई स्टोव्हच्या बाजूला बसून रहाटावर कांड्या भरतेय, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळतेय. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलाय, धोटा इकडून तिकडे पळतोय, आणि त्याच्या खटखटीवर मी भौतिकशास्त्र घोकतोय. मॅग्नेटिक फ्लक्सचं एकक वेबर, मॅग्नेटिक फ्लक्सचं एकक वेबर. पन्नासेक वेळा ऐकल्यावर तुम्ही हात न थांबवता विचारलंत, "ह्यो वेबर कोण रं?" मी म्हणालो, मोठा शास्त्रज्ञ, जर्मन. "ते झालं. पन वेबर म्हंजे काय?" म्हणजे काही नाही, नाव आहे ते. "नाव हाय तर त्याला अर्थ असंलच की." तेव्हा मी पुस्तक मिटून, शहाण्यासारखा, म्हणालो होतो, "आपल्यात असतो अण्णा. गोऱ्यांच्या नावांना अर्थ नसतो. तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही धोटा थांबवलात. "अर्थ नसलेलं नाव कोन कशाला लावून घील?" एवढंच बोललात आणि पुन्हा खटखट सुरू. म्हणजे बघा, मागाच्या शेजारी बसून, विणकराच्या तोंडावर, मी विणकराचं नाव घोकत होतो आणि त्याला म्हणत होतो की तुला हे कळायचं नाही! इतका शिकलेला गाढव त्या वर्षी अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल.

आता बुधवारचं सांगतो, नीट क्रमानं. नाहीतर तुम्ही म्हणाल, गुंता करतोस. तुम्हाला ठाऊकच आहे, मी इथे बहारीनमध्ये, हिद्दला, एका वर्कशॉपमध्ये आहे. जळालेल्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर येतात, त्यांच्यातली तार काढून नवी गुंडाळायची, त्याला वायंडिंग म्हणतात. तो विभाग माझ्याकडे आहे. (आईला कांड्या भरायला मदत कर म्हटलं की मी पळून जायचो. मग देवानं मला जन्मभर तांब्याच्या कांड्या भरायला बसवलं. हसा.) गेल्या आठवड्यात तपासणीचं एक नवं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला जर्मनीहून एक इंजिनिअर आला. पन्नाशीचा, उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला, अगदी साधा माणूस. त्याच्या हेल्मेटवर लिहिलेलं, वेबर. मला मनातून कोण आनंद! ज्याच्या नावानं मार्क मिळवले तो माणूस चहाला समोर बसलाय. बुधवारी मी न राहवून विचारलंच, की ते फ्लक्सवाले वेबर तुमचे कोण? तो मोठ्यांदा हसला. म्हणाला, हे मला शाळेपासून विचारतात. आमच्याकडे वेबर गल्लोगल्ली आहेत. एक वेबर शास्त्रज्ञ झाला, एकानं ऑपेरा रचले, एकानं समाजावर मोठमोठे ग्रंथ लिहिले, आणि माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. मग म्हणाला, नाव अगदी साधं आहे, कुठल्यातरी खापरपणजोबाच्या धंद्याचं. आणि इंग्रजी शब्द आठवायच्या आधी त्यानं दोन्ही हात वर केले आणि एका हातातून दुसऱ्या हातात काहीतरी फेकल्यासारखं केलं.

अण्णा, ते धोटा टाकणं होतं. शब्द यायच्या आधी मला कळलं. माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला, भाजलं, तरी मी उभाच. "वीव्हर," तो म्हणाला. मला तिथे नाचावंसं वाटलं, अक्षरशः! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "आणि तुमच्या नावाचा काही अर्थ आहे?" आणि माझ्याआधी उत्तर दिलं आमच्या पर्चेसमधल्या पुणेकरांनी. ते आमच्या टेबलावरचे दुसरे मराठी. बारा वर्षं माझ्याबरोबर डबा खातायत, मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतात असा त्यांचा समज आहे. ते त्याला समजावून सांगू लागले, की महाराष्ट्रात आडनावाला 'कर' लागलं की ते गावाचं नाव असतं. हे विणकर, म्हणजे यांचं मूळ गाव विण. कोकणात आहे, फार सुंदर जागा. वेबरनं मान डोलावली. मी शर्ट पुसत खाली बसलो. हे त्यांना सांगितलं होतं कुणी? मीच.

तुम्हाला विण गाव माहीत आहे. तुम्ही तिथे हजर होतात ना, ते गाव वसलं तेव्हा. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात, धुतलेलं धोतर, बगलेत कापडी पिशवी. माझा एक वर्गमित्र पुण्यातलाच. त्याच्या आईवडिलांनी तुम्हाला जेवायला बोलावलं, अगदी अगत्यानं. तुम्ही त्यांच्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसलात. पिशवीत त्यांच्यासाठी आणलेलं उपरणं होतं, तुम्ही स्वतः विणलेलं, बारीक काठाचं, मला हॉस्टेलवर घडी उलगडून दाखवलेलं. मित्राच्या वडिलांनी सुपारी कातरत विचारलं, "विणकर म्हणजे विणचे का तुम्ही? कुठे आलं हे विण?" आपल्याकडे गाव विचारणं हे निमित्त असतं, विचारायचं असतं ते दुसरंच, हे मला तोवर पक्कं कळलं होतं. दोन वर्षं मी त्या प्रश्नाला भीत होतो. आणि त्यांनी उत्तर तर आयतंच हातात ठेवलं होतं! मी म्हणालो, "हो, कोकणात. आतल्या बाजूला." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. त्यांच्याकडे बघून म्हणालात, "ल्हानसं गाव हाय. यष्टी न्हाई जात." आणि पायानं पिशवी हळूच सोफ्याखाली सरकवलीत.

तुम्ही मला उघडं पाडलं नाहीत, उलट माझ्या थापेला टेकू दिलात. शिवाजीनगरच्या स्टँडकडे चालताना तुम्ही म्हणालात, "गाव तर वसवलंस. आता तिथं पान्याची सोय कर." आणि हसलात. मीही हसलो, सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, अण्णांनी मनावर घेतलं नाही. दिवाळीला घरी आलो तेव्हा फळीवर ते उपरणं होतं, तसंच, घडीसुद्धा मोडलेली नाही. आईनं विचारलं, "त्यांना आवडलं न्हाई व्हय रं?" तुम्ही म्हणालात, "द्यायचं राहून गेलं." त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला आज शब्द आहेत, तेव्हा नव्हते: मला माझी लाज वाटली. पण सवय सुटली नाही. नोकरीच्या मुलाखतीत विण, मुंबईत विण, मग बहारीनला आलो तर इथे गुदैबियात दर दुसऱ्या दुकानात मराठी माणूस भेटतो आणि पाच मिनिटांत गावावर येतो, तिथेही विण. खोटं बोलायला एकदा लागतं, मग ते आपलं आपण बोलत राहतं. तुमच्या सूनबाईंना सगळं ठाऊक आहे. त्या म्हणतात, "तुमचं ते विण तुम्हीच सांभाळा, मला त्यात ओढू नका."

तर बुधवारी संध्याकाळी मी घरी आलो, शर्टावर चहा, डोक्यात वेबर. तुमची नात जमिनीवर पालथी पडून चार्ट रंगवत होती. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. मी रागावलो की म्हणते, "खलास बाबा, खलास," म्हणजे इथल्या अरबीत बास झालं. शाळेत रविवारी प्रत्येकानं आपल्या आडनावाची गोष्ट सांगायची होती. तिनं चार्टवर समुद्र काढला होता, नारळाची झाडं, मधोमध चार कौलारू घरं आणि वर मोठ्या अक्षरांत VIN. मला बघून म्हणाली, "बाबा, मॅपवर सापडतच नाहीये. तालुका कुठला?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. पुणेकरांना फसवणं वेगळं. इथे माझी मुलगी माझ्या थापेत झाडं लावत होती! चार दिवसांनी ती ते सगळ्या वर्गापुढे सांगणार, मग पुढे तिच्या मुलांना सांगणार, आणि तुमचा माग, आईच्या कांड्या, भिंगार, सगळं त्या न जाणाऱ्या एसटीसारखं कुठेच पोचणार नाही. मी म्हणालो, "तालुका नाही. गावच नाही. बाबांनी बनवलंय." मला वाटलं, रडेल, इतका वेळ रंगवलं होतं. ती म्हणाली, "यू मेड अप अ व्हिलेज?" तिच्या आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त होतं, त्यामुळे मला जास्तच मेल्यासारखं झालं. मग मी तिला विणकर म्हणजे काय ते सांगितलं. तुमच्याबद्दल सांगितलं. खड्डा, माग, नऊवारी लुगडी, धोटा. आणि मग, थांबवेना म्हणून, वेबरचं सांगितलं. ती उठून उभी राहिली, "वेट, वेट, वेट!" म्हणत लॅपटॉप घेऊन आली, आणि पुढचा तासभर आमच्या घरात जो दंगा झाला तो तुम्ही बघायला हवा होता. ती एकेक जर्मन आडनाव काढून वाचतेय आणि मी मराठी सांगतोय. श्मिट? लोहार! झिमरमान? सुतार! श्नायडर? शिंपी! टोप्फर? कुंभार! म्युलर म्हणजे गिरणीवाला! अण्णा, सगळा जर्मनी म्हणजे आपले बारा बलुतेदार निघाले. आणि ती नावं घेऊन ते शास्त्रज्ञ होतात, संगीतकार होतात, मशीन बसवायला बहारीनला येतात, आणि चहाच्या टेबलावर हात वर करून सांगतात, माझा पूर्वज धोटा टाकायचा. आणि एककं त्यांच्या नावानं! जगातल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात जे वाहतं ते मोजायचं माप म्हणजे विणकर. मी रोज तेच मोजत होतो की.

गुरुवारी सकाळी चहाला मी दोघांनाही सांगून टाकलं. वेबरनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मग आपण भाऊबंदच." पुणेकर मात्र चमचा हातात धरून थिजले. "अहो, मी माझ्या मेव्हण्याला विणला जाऊन यायला सांगितलं होतं. देवरुखच्या पुढे दोन दिवस हिंडला बिचारा." मी माफी मागितली. ते भले गृहस्थ आहेत, जरा वेळानं म्हणाले, "पण एवढं त्यात लपवण्यासारखं काय होतं हो?" मला उत्तर देता आलं असतं. ज्याला कधी लपवावं लागलं नाही त्यालाच हा प्रश्न पडतो, असं म्हणणार होतो. पण मी म्हणालो, "काहीच नव्हतं." आणि तेही खरंच होतं ना, अण्णा?

शुक्रवारी सुट्टी. इथे बनी जमरा म्हणून एक गाव आहे, बुदैया रस्त्यानं गेलं की लागतं. खरंखुरं गाव, नकाशावर सापडतं. तिथे अजून हातमाग आहेत हे मी वर्षानुवर्षं ऐकून होतो आणि मुद्दाम गेलो नव्हतो. नातीला घेऊन गेलो. आत शिरलो आणि माझे पायच थांबले. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला एक म्हातारा, समोर लांबवर ताणलेले धागे, आणि तोच आवाज! तोच, अण्णा, अगदी तोच. नात म्हणाली, "ही इज सिटिंग इन द फ्लोअर!" मी म्हणालो, आजोबा पण असेच बसायचे. म्हाताऱ्यानं विचारलं, मी काय करतो. मोडक्या अरबीत मी म्हणालो, "अबूय," म्हणजे माझे वडील, आणि हात वर करून तो वेबरसारखा धोटा फेकून दाखवला. "माशाल्ला!" म्हणत तो बाजूला सरकला आणि मला खड्ड्यात बसवलं. चौथ्या फेकीला धागा तुटला. मला गाठ मारता येईना. तुम्ही चिमटीत धरून एका झटक्यात मारायचात ती गाठ. तुम्ही दोनदा शिकवायला बोलावलं होतंत आणि दोन्ही वेळा माझी परीक्षा होती. म्हातारा म्हणाला, "मफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही, आणि त्यानं ती मारली, इतक्या पटकन की मला याही वेळी दिसली नाही. नात मात्र वाकून बघत होती. तिला बहुतेक दिसली.

आज रविवार, तिचं शाळेतलं बोलणं छान झालं. नारळाची झाडं तिनं खोडली नाहीत, म्हणाली मेहनत केली आहे, त्यांच्यावर नवा कागद चिकटवला. त्यात वर लिहिलं, विणकर म्हणजे वेबर. खाली या आडनावाची प्रसिद्ध माणसं, असा रकाना. बाईंनी तो सगळ्यांना करायला सांगितला होता. तिनं शास्त्रज्ञ लिहिला, संगीतकार लिहिला, ग्रंथवाला लिहिला. मग शनिवारी माझ्याकडे येऊन म्हणाली, हे सगळे तिकडचे झाले, आपल्यातलं एक हवं. मला एकही आठवेना. तिनं थोडा विचार केला आणि शेवटच्या ओळीत तुमचं नाव लिहिलं. पूर्ण नाव. पुढे, 'कापड विणायचे.' मग मुलाखत घेतल्यासारखी वही-पेन्सिल घेऊन बसली. आजोबा दिवसाला किती विणायचे? त्यांना कुठला रंग आवडायचा? ते विनोदी होते का? मी सगळं सांगत गेलो. इतकं बोललो की तुमच्या सूनबाई कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून शेवटचंही लिहितो. तिनं वही मिटताना आणखी एक विचारलं, आणि का कोण जाणे, मराठीत विचारलं. "बाबा, तुम्ही ते खोटं गाव सांगायचात, ते आजोबांना माहीत होतं का?"

मी म्हणालो, "नाही."